सतरा नंबरचा पाहुणा

माझ्याकडे पत्त्याएवढ्या आकाराची धातूची छत्तीस कार्डं आहेत. त्यातल्या पस्तीस कार्डांबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. उरलेलं एक, नंबराने सतरावं, ते कार्ड आहे की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हे विचारायचं तरी कुणाला, तेही कळत नाही. म्हणून लिहून बघतोय.

आधी कार्डांचं सांगतो, नाहीतर वाटायचं की पंचेचाळिशीचा बाप्या पोरांच्या खेळण्यात कसा अडकला. माझ्या बायकोला तसंच वाटतं आणि ती ते पाव्हण्यारावळ्यांत बोलूनही दाखवते. मी नगरला एमआयडीसीत प्रेसवर आहे. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. वर एक डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली एक डाय, मध्ये पत्रा. धाड्कन आवाज झाला की पत्र्याला आकार आलाच. बावीस वर्षं मी मोटारीच्या पोटात कुठेतरी बसणारे आणि कुणालाही कधी न दिसणारे भाग काढतोय. कुणी विचारलं, काय करता, तर दाखवायला हातात काही नसतं.

एकदा कापड बाजारात बायको साडीला फॉल लावून घेत होती आणि मी शेजारच्या दुकानापुढे उभा होतो. काउंटरवर एक कार्ड पडलं होतं. कुठल्याशा परदेशी खेळातलं, त्यावर भाला घेतलेला एक योद्धा. मी चित्र बघितलंच नाही. आधी कडेवरून अंगठा फिरवला. कुठे खरखर नाही, कुठे बोच नाही. मग उजेडात तिरपं धरलं, तर भाल्याच्या दोरीचा पीळसुद्धा उमटलेला. आमच्याकडे असा ठसा काढायचा म्हटलं तर सुपरवायझर म्हणेल, वेळ आहे का तुला? मी दुकानदाराला विचारलं, हे कुणी काढलं? तो म्हणाला, घ्यायचंय का सांगा. तिथून मी त्या नादाला लागलो.

त्या खेळातले योद्धे एकूण छत्तीस. नकली कार्डं गल्लोगल्ली मिळतात, पण ती हलकी, पातळ, नाक-डोळे नसलेली. खरी कार्डं जड असतात, बोटाला चित्र कळतं. आता ती निघायची बंद झालीत. ज्यांच्याकडे आहेत ते एकमेकांना मोबाईलवर फोटो पाठवतात आणि अदलाबदल करतात. माझी पस्तीस झाली. राहिलं ते सतरावं. त्यावर घोडेस्वार आहे. डोक्याला टोप, हातात उगारलेली तलवार, पाठीमागे फुगलेला झगा, घोड्याच्या पायाशी एक लांडगा. ते दुर्मिळ का, तर त्याच्या डायला लवकरच तडा गेला म्हणतात. डायला तडा गेला की पत्र्यावर त्या जागी केसाएवढी उंच रेघ उमटते. सतरा नंबरच्या घोड्याच्या मानेवर तशी रेघ आहे. बाकीच्यांना तो दोष वाटतो. मला मात्र ती रेघ बघून त्या अनोळखी कारखान्यातला माझ्यासारखाच एक माणूस दिसतो, मशीन थांबवून कपाळाला हात लावून बसलेला.

आता माझ्या आईचं.

आई कोल्हारला असते, आमच्या घरात, एकटी. मी नगरला असतो आणि सुट्टीला जातो. वडील आणि मोठे काका वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली, भांडी वाटली, बैलजोडीतला एकेक बैलसुद्धा वाटला. देव मात्र वाटत नाहीत. देव थोरल्या घरी राहतात आणि धाकट्याने आपले नवीन करायचे, अशी आमच्याकडची रीत. आईने बाळकृष्ण केला, अन्नपूर्णा केली. खंडोबाचा टाक तेवढा राहिला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची मूर्ती, तळहातात मावेल एवढी. टाकाच्या जागी आईने खंडोबाची तसबीर लावली होती. वडील गेल्यावर एका रविवारी ती मला म्हणाली, “फोटूला हळद लावता येती, फूल वाहता येतं. पर आंघूळ घालता येत न्हाई रं. घरचा देव पारोसा ऱ्हातोय.”

मी म्हणालो, “आई, सोनाराकडचा ठोकळा कशाला? मी स्वतः डाय बनवतो. असा टाक काढतो की गाव बघायला येईल.”

हे मी बोललो त्याला नऊ वर्षं झाली. फसवायचं माझ्या मनात नव्हतं. मी चित्रंही काढली होती, घोड्याचा पाय कसा उचललेला हवा, तलवारीचं टोक कुठे यावं. पण आज डायसाठी स्टील नाही, उद्या मशीन मोकळं नाही, परवा घोड्याचं तोंड गाढवासारखं दिसतंय. आई आधी दर सणाला विचारायची. मग वर्षातून एकदा. मग विचारायची थांबली. त्याच नऊ वर्षांत मी दुसऱ्याच्या कारखान्यातली पस्तीस चित्रं जमवली. हे दोन हिशेब एकमेकांशेजारी ठेवून बघायची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

सतरा नंबर होता संगमनेरच्या एका चष्मेवाल्याकडे. माझ्याकडची दुबार आलेली चार कार्डं घेऊन तो ते द्यायला कसाबसा तयार झाला. तो तिकडून, मी नगरहून, म्हणून मधलं गाव कोल्हार ठरलं. दिवाळी होऊन गेली होती. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. कार्डाची प्लॅस्टिकची डबी येताना तडकली होती, तर त्याने ते चष्मे पुसायच्या नव्या कोऱ्या लाल कापडात गुंडाळून आणलं होतं. चहा गार होईपर्यंत त्याने ते हातातून सोडलं नाही. शेवटी म्हणाला, “साहेब, एकच विनंती. बोटांचे ठसे पडू देऊ नका. आणि पाणी तर अजिबात नको.”

“लेकरासारखं जपतो,” मी म्हणालो.

घरी गेलो तर आई डेअरीला दूध घालायला गेली होती. तेवढ्यात वीज आल्याचं कळलं. कांद्याला पाणी द्यायचं होतं, मोटर चालू करायला मला पळावं लागलं. खिशात ठेवलं तर चिखलात पडेल. टेबलावर ठेवलं तर वर कुणी चहाचा कप ठेवेल. आमच्या घरात सगळ्यात कोरडी, सगळ्यात स्वच्छ आणि कुणी वाटेल तसा हात लावणार नाही अशी जागा एकच, देवघराची फळी. मी लाल कापडाची घडी तसबिरीसमोर ठेवली आणि मळ्यात गेलो. आजही मी ती घटना उलटसुलट करून बघतो, तर त्या क्षणी मी जे केलं ते मला अगदी बरोबर वाटतं. तीच तर अडचण आहे.

दीड तासाने परत आलो तेव्हा घरातून घंटीचा आवाज येत होता. आई आंघोळ करून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून देवघरापुढे बसली होती. समोर ताम्हण. ताम्हणात दूध, दही, मध. आणि त्या सगळ्यात बुडालेला माझा सतरा नंबर.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगतो, कारण त्याची मला लाज वाटते. मला वाटलं, दह्याने कार्डावरचा सोनेरी मुलामा उडेल. आई रडतेय हे मला त्यानंतर दिसलं.

“नऊ वर्सं लावलीस रं लेका,” ती म्हणाली. “पर केलास. बोलला न्हाईस, दावलं न्हाईस, गुपचूप देवापुढं ठिवून गेलास. तुझ्या बापावानीच. त्येंनी बी माझ्या पाटल्या अशाच उशाला ठिवल्या हुत्या.”

मी तोंड उघडलं.  तेवढ्यात तिने कार्ड ताम्हणातून काढलं, पाण्याने धुऊन पदराने टिपलं आणि डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली. “घोडा लई झ्याक झालाय. तलवार हाय. पायापाशी कुत्रं बी हाय बग.” लांडग्याचं कुत्रं झालं. मानेवरच्या तड्याच्या रेघेवरून तिने नख फिरवलं. “लगाम सुदिक काढलास.” मग झग्याकडे बघून जरा थबकली. “म्हाळसा तेवडी बारीक झाली. पर घोड्यावर जागा कुटं असती म्हना.” शेवटी तिने कार्ड उलटं केलं. मागे इंग्रजीत आकडा आणि बारीक अक्षरं होती. “हितं काय लिवलंय?”

खरं सांगायची वेळ ती होती. दार उघडं होतं, फक्त बाहेर पडायचं होतं. मी म्हणालो, “कारागिराचा शिक्का आहे.”

“म्हंजी तुझंच नाव,” आई म्हणाली आणि तिने कार्डाला भंडारा लावला.

नगरला जाताना बसमध्ये मी नुसता बसून राहिलो. मला राग आला होता आणि तो कुणावर आहे ते कळत नव्हतं. आईवर यावा तर तिने काय केलं? लाल फडक्यात, देवापुढे, मुलाने ठेवलेला, घोडेस्वार उठवलेला धातूचा तुकडा. दुसरं कुणीही तेच समजलं असतं. चष्मेवाल्यावर यावा तर त्याने बिचाऱ्याने पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं. घरी बायकोला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग माझ्यापुढे येऊन बसली.

“अहो, म्हणजे सासूबाईंना वाटतंय तुम्ही शब्द पाळला.”

“हो.”

“आणि तुम्ही तो पाळलेला नाही.”

“कळतंय मला.”

“मग एक तर खरं सांगा, नाहीतर खरं करा,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

मी दोन्हीपैकी काही केलं नाही. मी वाट बघितली. कशाची, ते मला माहीत नव्हतं.

पुढच्या सुट्टीला गेलो तर मुलामा खरंच गेला होता. आई दर रविवारी चिंच लावून कार्ड घासत होती. पिवळा रंग निघून खालचा पांढुरका धातू उघडा पडला होता. कार्ड गोळा करणाऱ्या माणसाने ते बघितलं असतं तर जेवण गेलं नसतं त्याला. आई खूश होती. “बग, वरनं पितळ वाटायचं, आतनं चांदी निगाली. तू वर सोन्याचं पानी दिलं हुतंस व्हय?” मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाच सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांना दिसत होती आणि ती कबूल करायला हवी. आई बदलली होती. आधी रविवारी ती उठायची, चूल पेटवायची, तसबिरीला फूल लावायची, झालं. आता तिचा रविवार भरला होता. पहाटे पाणी तापवायचं, देवाला आंघोळ, भंडारा, नैवेद्याची भाकरी. देवाशी ती बोलायची. कांद्याला करपा पडलाय, गाय गाभण राहिना, धाकट्या नणंदेच्या गुडघ्याचं बघ जरा. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो आणि मला वाटायचं, हे सगळं सतरा नंबरला कळत असेल का? वेडपट प्रश्न, पण पडायचा.

चंपाषष्ठीला आईने तळी भरली, म्हणजे ताटात देव, भंडारा आणि खोबरं ठेवून पाच जणांनी ते उचलायचं. वांग्याचं भरीत झालं, रोडगे झाले. थोरल्या घरून मोठी आई, माझी चुलती, मुद्दाम टाक बघायला आली. जुने देव जिच्याकडे राहिले ती हीच. दोघी जावांचं बोलणं गोड असतं, पण त्यात खडाही असतो. आईने कार्ड तिच्या हातात दिलं आणि बाजूला उभी राहिली. इतक्या वर्षांनी तिची मान ताठ होती.

मोठ्या आईने ते कपाळाला लावलं, मग उजेडात धरून न्याहाळलं. 

“आमच्या टाकाचं नाक-डोळं समदं गेलंया झिजून,” ती म्हणाली. “देव हाय का दगूड, कळंना. ह्येचं बग कसं, घोड्याचं नाळ सुदिक दिसत्यात.” मग माझ्याकडे वळली. “मला बी एक काढून दे रं बाबा. तुज्या मशीनवर किती वेळ लागतोय?”

“नऊ वर्सं,” आईने उत्तर दिलं आणि सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात ताट उचललं गेलं, “येळकोट येळकोट” झालं. मीही पाचांतला एक होतो, मीही ओरडलो, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात घालताना मला कळेना की मी नक्की कशाची तळी उचलली.

त्या रात्री नव्हे, पण त्या आठवड्यात मी सोनाराकडे गेलो. मोठ्या पेढीवर नाही, गल्लीतल्या एका म्हाताऱ्याकडे, जो अजून हाताने टाक काढतो. त्याच्याकडे पितळी ठसा होता, आजोबाच्या वेळचा. त्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून तो वरून ठोकत होता. मी शेजारी बसलो. ठसा इतका वापरलेला की घोड्याचे पाय म्हणजे चार काड्या आणि देवाचा चेहरा म्हणजे एक फुगवटा. इतकी वर्षं मी ज्याला ठोकळा म्हणत होतो तो हाच. न राहवून मी म्हणालो, “बाबा, ठसा नवीन का करून घेत नाही? चेहरा उठत नाही यात.”

तो ठोकायचा थांबला नाही. “चेहरा कशापायी?” म्हणाला. “ज्याच्या घरी रोज आंघूळ हुती, त्याच्या देवाचा चेहरा जानारच. चेहरा शाबूत ऱ्हायला तर समजायचं, कुनी हात लावला न्हाई.”

मला घरातला माझा अल्बम आठवला. पस्तीस खणांत पस्तीस चेहरे, सगळे शाबूत.  टाक तयार झाला तेव्हा तो माझ्या तळहातात ठेवून म्हातारा म्हणाला, “आधीचा असल तर नदीत सोडा.” म्हणजे आणखी एक प्रश्न.

नवीन टाक घरात बसवायच्या आधी किंवा नंतर तो एकदा खंडोबाच्या देवळात नेऊन मोठ्या देवाला भेटवून आणायचा, अशी रीत आहे. आईने पौषातली जत्रेची गर्दी ओसरल्यावर एका रविवारी कोरठणच्या खंडोबाला जायचं ठरवलं. माझा बेत सोपा होता. देवळात रविवारच्या गर्दीत आईच्या हातातून टाक घ्यायचा, गुरवाकडे देताना खिशातला चांदीचा पुढे करायचा आणि आईला परत तोच द्यायचा. डोळ्यांना तिला जरा कमीच दिसतं. शब्द खराही होईल आणि सांगायलाही नको. बायको म्हणाली, “हातचलाखी करणार, आणि ती खंडोबासमोर?” मी म्हणालो, तू येऊ नकोस.

नगरला गाडी बदलली, टाकळी ढोकेश्वरला उतरलो, पुढे जीप मिळाली. सगळ्या रस्त्याभर आईने ते लाल कापड पदराच्या गाठीत धरून ठेवलं होतं. माझ्या शर्टाच्या खिशात दुसरी पुडी. दोन्ही सारख्याच जड वाटत होत्या, म्हणजे एक मला लागत होती आणि दुसरी दिसत होती. देवळाच्या पायऱ्या चढताना आई मध्येच बसली. धाप लागली होती. गाठ सोडून तिने कार्ड बाहेर काढलं, त्याला वारा लागावा तसं धरलं आणि त्यालाच म्हणाली, “आलं बग आता. थोरल्याला भेटशील.”

माझ्याच्याने पुढे जाववेना. कुणाला फसवतोय मी? मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. खेळ, छत्तीस योद्धे, संगमनेरचा चष्मेवाला, चष्मे पुसायचं कापड, लांडगा, झगा, तडा. कारागिराचा शिक्का म्हणजे सतरा हा आकडा. नऊ वर्षांत मी डाय बनवलीच नाही, हेही. मग खिशातून चांदीचा टाक काढून तिच्या मांडीवर ठेवला. “हा तुझा. सोनाराकडून आणलाय.”

ती चिडेल असं वाटलं होतं. रडेल असंही वाटलं होतं. तिने एका हातात टाक धरला, एका हातात कार्ड, आणि कितीतरी वेळ एकदा इकडे एकदा तिकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला माझाच गोंधळ दिसला.

“मंग इतकं दिस,” ती शेवटी म्हणाली, “मी आंघूळ कुनाला घातली?”

मी तिच्या हातातल्या कार्डाकडे बघितलं. 

“आन गाय गाभन ऱ्हायली ती?”

“आई, ते...”

“गप ऱ्हा जरा. इचार करू दे.”

लोक आमच्या बाजूने चढत-उतरत होते. आईने पदराने तोंड पुसलं, उठली, दोन्ही हातांत दोन्ही वस्तू घेऊन सरळ गाभाऱ्यापर्यंत गेली. मी मागे. गुरवाने चांदीचा टाक घेतला, देवाच्या पायाला लावला, भंडारा उधळला. मग आईने दुसरा हात पुढे केला. गुरवाने कार्ड घेतलं, उलटं केलं, इंग्रजी अक्षरं बघितली.

“मावशी, हे काय?”

“पाव्हना हाय,” आई म्हणाली. “परमुलखातला. चुकून आमच्या घरी आला. दोन महिनं माज्या हातनं न्हायला, माज्या हातचं खाल्लं. त्येला दारातनं कसं परत लावू? त्येची बी भेट घाला.”

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मागून लोक ढकलत होते. त्याने खांदे उडवले आणि सतरा नंबर देवाच्या पायाला लावून परत दिला, भंडाऱ्याने माखलेला.

मला वाटलं, संपलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये आईने चांदीचा टाक लाल कापडात बांधून घेतला आणि कार्ड माझ्या हातावर ठेवलं. “नदीत सोडू का?” मी विचारलं. खरं म्हणजे मी घाबरत विचारलं, कारण छत्तिसावं कार्ड होतं ते. आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पंगतीतून कुणाला उठवा म्हणालो.

“पाव्हना ज्येच्यासंगं आला त्येच्यासंगं जातो,” ती म्हणाली. “तुज्यासंगं आलाय. तू ने. पर उपाशी ठिवू नगंस.”

पुढे चष्मेवाला एकदा कामानिमित्त नगरला आला तेव्हा कार्ड बघायला घरी आला. अल्बमचं पान उलटलं आणि त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मुलामा नाही, टोपाची नक्षी गेलेली, कडेला हळदीचा पिवळा डाग, घोडेस्वाराचं नाक अर्धं सपाट. फक्त मानेवरची रेघ तेवढी होती, नखाला लागणारी.

“काय केलंत हो याचं?” त्याने विचारलं.

“आंघोळ,” मी म्हणालो. त्याला ते चेष्टेसारखं वाटलं असावं. चहा न घेता तो गेला आणि तेव्हापासून मला फोटो पाठवत नाही. त्याचं बरोबर आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

आता आईचा फोन दर रविवारी सकाळी येतो. देवाला आंघोळ घालून झाली की लगेच. चांदीच्या टाकाचं सांगते, कांद्याचं सांगते, मोठी आई अजून मशीनवरचा टाक मागते ते सांगते. आणि फोन ठेवायच्या आधी एकदम साध्या आवाजात, जसं सुनेचं बरं आहे का विचारावं, तसं विचारते, “पाव्हन्याला आंघूळ झाली का?”

पहिल्या रविवारी मी “हो” म्हणालो. कार्ड अल्बमात होतं. फोन ठेवला आणि शर्टाला इस्त्री करायला लागलो. मन लागेना. म्हटलं, कारखान्यातल्या डायने काढलेला तुकडा आहे तो, मला त्याचा खेळ माहीत, नंबर माहीत, दोष माहीत. मग मन लागेना कशाला? पण नऊ वर्षं आईला मी “करतो, करतो” म्हणत होतो, मग शिक्क्याचं खोटं बोललो, आणि आता दर रविवारी एक “हो” याप्रमाणे पुन्हा सुरुवात करणार होतो.

दुसऱ्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. वाटीत कोमट पाणी घेतलं होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. मी सतरा नंबर अल्बमातून काढला आणि पाण्यात धरला. काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं, म्हणून काही म्हणालो नाही. अंगठ्याने घोड्याच्या मानेवरची रेघ चोळली, फडक्याने पुसलं, समोर साखरेची चिमूट ठेवली आणि वाजणारा फोन उचलला.

“झाली का रं?” आईने विचारलं.

“झाली,” मी म्हणालो.

“जेवला?”

मी साखरेकडे बघितलं. कार्डाकडे बघितलं. “आई, जेवला की नाही ते कसं कळतं?”

पलीकडे तिने घंटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “ते मला तरी कुटं कळतंय. आपुन वाढायचं.”